ठासणीची एकादशी

"हे इथं आल्यापासून दारूच्या नादाला लागलेत," असं हिने व्हिडिओ कॉलवर चिपळूणच्या आपल्या बहिणीला सांगितलं आणि त्याच क्षणी नेट गेलं. परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात बातमी चिपळूणहून खेडला आणि खेडहून डोंबिवलीला पोचली. कुणी "सांभाळा" असं लिहिलं, कुणी नुसते जोडलेले हात पाठवले. डोंबिवलीच्या साडूंनी मात्र एकच शब्द विचारला, "कोणती?"

साडू माणूस मुद्द्याचा. गेले दोन महिने मीही तेच शोधत होतो. दारू बंदुकीची होती, बंदूक शेजाऱ्यांची होती, आणि प्रश्न "कोणती" हाच होता.

मुलगी पेनसिल्वेनियात राहते, फिलाडेल्फियापासून तासाभरावर. दर दोन वर्षांनी आम्ही सहा महिने तिच्याकडे असतो, आणि या सहा महिन्यांत बाबांचं करायचं काय, यावर मुलगी, जावई आणि ही अशी त्रिसदस्य समिती बसते. या खेपेला समितीचं काम शेजारच्या आजोबांनी केलं. आजोबा म्हणजे माझ्याच वयाचे, पण दाढी पांढरीशुभ्र आणि छातीपर्यंत, म्हणून नातवाने पाडलेलं नाव. जन्मभर त्यांनी नळदुरुस्ती केली. निवृत्तीनंतर नळ सुटले, नळीचा नाद सुटला नाही. मी तीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं हे कळल्यावर त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि भिंतीवरून जवळजवळ पाच फूट लांबीची एक बंदूक उतरवून माझ्या हातात दिली.

"ठासणीची!" मी चक्क मराठीत ओरडलो.

आमच्या गावी तात्यांकडे एक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, मग गजाने ठासायचं, मागे केप बसवायची आणि चाप ओढायचा. माकडांनी या सगळ्याचा नीट अभ्यास केला होता. एकदा बार निघाला की पुढचा निघायला तात्यांना दोन मिनिटं लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पहिला बार झाला की ती झाडावरून निवांत खाली उतरत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, तेव्हा तर तीही दोन मिनिटं वाचायची. आचारसंहितेचा खरा लाभ घेतलेला तेवढा एकच समाज माझ्या पाहण्यात आहे.

आजोबांची बंदूक तात्यांच्या बंदुकीची पणजी शोभावी अशी. हिला केपसुद्धा लागत नाही. घोड्याच्या जबड्यात कातड्यात गुंडाळलेली गारगोटी. चाप ओढला की ती पोलादी पत्र्यावर घासते आणि ठिणग्या बाजूच्या चिमुकल्या खोलगट पळीत पडतात. त्या पळीतल्या चिमूटभर बारीक दारूला मराठीत रंजक म्हणतात. रंजक पेटते, तिची ज्योत नळीच्या भोकातून आत शिरते आणि मग मुख्य बार. "रंजक माहिती" हा शब्द मी आयुष्यभर वापरला. रंजक असली तरी तिने पुढचा बार उडेलच असं नाही, हे मला या वयात कळलं.

तर पेनसिल्वेनियात हरणाची शिकार हा सणच आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कितीतरी शाळा बंद असतात. नातू त्याला सरळ "हरणाची सुट्टी" म्हणतो. त्या हंगामात काडतुसाची, दुर्बीण लावलेली आधुनिक बंदूक चालते, त्यामुळे ज्याला हरीण हवं तो तेव्हाच मारून मोकळा होतो. पण नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून आणखी एक हंगाम सुरू होतो. हा १९७४ पासूनचा. यात बंदूक चालते ती फक्त चकमकीची. एकच बार, गारगोटीच्या भरवशावर, बोटं गोठवणाऱ्या थंडीत.

"मग आधीच्या हंगामात का नाही मारत?" मी विचारलं.

"त्यात कसली मजा?" आजोबा म्हणाले.

त्या आठवड्यात हिची एकादशी होती. आजोबा कसलीशी शिडी परत द्यायला आले, तर हिने त्यांना बसवून घेतलं. पानात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि शेवटी राजगिऱ्याचा लाडू. त्यांनी दोनदा खिचडी घेतली आणि विचारलं, आज काय विशेष. मुलगी म्हणाली, "आज आईचा उपास आहे. आज जेवायचं नसतं."

आजोबांनी पानाकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, परत पानाकडे पाहिलं. मुलीने "एकादशी, दुप्पट खाशी" चा अर्थ समजावून सांगितला. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम गप्प झाले, बाहेर गेले, गाडीतून एक प्लास्टिकचा डबा घेऊन आले आणि अपराधी चेहऱ्याने टेबलावर ठेवला.

"मीही तेच केलंय," ते म्हणाले.

डब्यात काळ्या दारूला पर्याय म्हणून विकली जाणारी पूड होती. माणसाने अडीचशे वर्षांपूर्वीची बंदूक घेतली, सोपा हंगाम सोडून अवघड धरला आणि आता या अवघडात सवलत शोधत दुकानात हिंडत होता. ज्याने उपास धरला त्यानेच साबुदाणा भिजवायचा, ही रीत आमच्यापुरतीच आहे असं मला उगाच वाटत होतं.

खऱ्या काळ्या दारूत तीनच जिन्नस: सोरा, गंधक आणि कोळसा. पण तिचे गुण सांगायला बसलं तर सगळे दुर्गुणच निघतात. पेटली की निम्म्याहून जास्त वजन धूर आणि काजळीच्या रूपाने मागे उरतं. ती काजळी हवेतलं पाणी ओढते आणि नळीला गंज चढवते. धुताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. शिवाय कायद्याच्या लेखी ती स्फोटक. इथली गंमत बघा. अशी जुनी बंदूक केंद्राच्या कायद्यात बंदूक मानलीच जात नाही, जुनी वस्तू मानतात, म्हणून ती बहुतेक राज्यांत टपालाने घरपोच येते. हौशी माणसाला घरी पन्नास पौंडांपर्यंत काळी दारू ठेवायची सूटही आहे. पण विकणाऱ्या दुकानदाराला परवाना हवा, ठेवायला वेगळी कोठी हवी. त्यामुळे बहुतेक दुकानदार म्हणतात, काळी नाही, पर्याय घेऊन जा. सासर, माहेर आणि आजोळ तिन्हीकडे चालेल असं स्थळ शोधावं तशी ही पर्यायांची जात आहे.

मी आणि आजोबा मग दुकानात गेलो. किराणा दुकानात डाळींची असावी तशी एक अख्खी मांडणी. पहिला मान पायरोडेक्सचा. डॅन पावलाक नावाच्या माणसाने ती तयार केली, हॉजडन कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. जानेवारी १९७७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा इथल्या कारखान्यात स्फोट झाला आणि पावलाक आपल्या तीन सहकाऱ्यांसह गेला. हे सांगताना आजोबांनी टोपी काढली. कमी तापट दारू शोधणाऱ्याचाच असा शेवट व्हावा, याच्यावर दुकानातल्या त्या मांडणीसमोर बोलण्यासारखं काही नव्हतं.

शेजारी ट्रिपल सेव्हन. हिच्यात गंधक नाही, म्हणून सडक्या अंड्यांचा वासही नाही. कांदा-लसूण न घालता केलेली पावभाजी म्हणा ना. पण जोर जास्त, त्यामुळे मापात पंधरा टक्के कमी घ्यायची. त्याच्यापुढे एक जात अशी, की तिचा पाया क जीवनसत्त्वाचा. हे कळल्यावर ही म्हणाली, "मग सर्दीवर घ्यायची का हो?" आणि सगळ्यात वर, हात पुरू नये अशा जागी, ब्लॅकहॉर्न. ती जवळजवळ घाण करत नाही, दमट हवेची पर्वा करत नाही, आणि किंमत ऐकल्यावर माणूस सावध होतो. रंगाने काळी, पण कूळ निराळं. काळ्या दारूचं नाहीच ते, बिनधुराच्या दारूचं. तिला पेटवायला छर्र्याच्या काडतुसात असते तसली कडक केप लागते. गारगोटीची ठिणगी तिच्या खिजगणतीत नाही.

इथे आजोबा एकदाच गंभीर झाले. बिनधुराची आधुनिक दारू, जी नेहमीच्या काडतुसात असते, ती ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही. नळी फुटते, हात जातो, डोळे जातात. वर्षावर्षाला कोणीतरी "काळीच तर दिसते" म्हणून घालतो. वापरायची ती फक्त ठासणीसाठी म्हणून विकलेली आणि आपल्या बंदुकीला चालेल असं लिहिलेली. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते बोलणाऱ्यानेच पुढे काय केलं ते सांगायचं आहे.

मापाचाही घोळ आहे. हिशोब ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात धान्याच्या दाण्याचं वजन, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं. इथवर ठीक. पण पर्यायी दारू मापताना "शंभर ग्रेन" म्हटलं तरी ते वजन नसतं. काळ्या दारूचे शंभर ग्रेन ज्या मापात बसतात, ते माप भरून घ्यायचं, मग आतली पूड वजनाला काही का असेना. पायरोडेक्स तर बरीच हलकी. मी रसायनाचा मास्तर, तराजू काढून बसलो आणि दोन तास घोळ घातला. हिने बाजूने जाता जाता विचारलं, "वाटीला वाटी घ्यायचंय ना? मग तोलताय काय? रव्याच्या मापाने शेवया घेतल्या तर शेवया तोलतो का आपण?" आजोबांना हे भाषांतर करून सांगितलं. तेव्हापासून ते हिला उठून नमस्कार करतात.

एक दिवस आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. बरोबर डबा होता. त्या डब्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण दोष त्याचा नव्हता. त्याच्यावर "चकमकीच्या बंदुकीसाठी नको" असं स्वच्छ छापलेलं होतं. अक्षर बारीक होतं आणि दोघांचेही चष्मे गाडीत होते.

आजोबांनी दारू ओतली. गादीच्या खोळीचं असतं तसलं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड घेतलं, त्याचा एवढासा गोल तुकडा मेणचट झालेला होता. "चरबी लावलीय," ते म्हणाले. "कसली?" मी विचारलं. विचारलं आणि अंगावर काटा आला. १८५७ मध्ये मेरठ-बराकपूरला हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि ती एन्फिल्डही ठासणीचीच होती. "अस्वलाची," आजोबा म्हणाले. म्हटलं, बरं, उठावाचं कारण टळलं.

गोळी ठासली, पळीत रंजक घातली, घोडा चढवला, चाप ओढला. ठिणगी पडली. पळीत भुर्र झालं, डोळ्यांसमोर एक छोटा पांढरा ढग आला आणि गेला. बंदूक जशीच्या तशी.

अशा वेळी नळी समोर रोखून मिनिटभर तसंच उभं राहायचं असतं. बार कधी कधी उशिरा निघतो, उगाच हलवाहलवी करायची नाही. आम्ही उभे राहिलो. हुतात्मा दिनाला शाळेच्या पटांगणावर उभे राहावं तसे. मिनिट झालं, काही नाही. परत रंजक, परत चाप, परत भुर्र, परत उभं राहणं. तिसऱ्यांदा शेजारच्या निशाणावरचे दोन तरुणही आमच्या शोकसभेत सामील झाले.

"याला आम्ही फुसका बार म्हणतो," मी सांगितलं.

"फुस्काबार," आजोबा म्हणाले. हा त्यांचा पहिला मराठी शब्द. उच्चार बरा होता.

घरी येताना कोडं सुटलं. खरी काळी दारू तापट डोक्याची. ठिणगी दिसायचा अवकाश, भडकते. म्हणूनच कायद्याने तिला स्फोटक ठरवलं आणि दुकानातून उठवलं. पर्याय जेवढे आहेत ते सगळे त्या मानाने शांत, त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते. कडक केप असेल तर जमून जातं. इथे होती गारगोटी. ज्या गुणावर पर्यायी दारूला दुकानात जागा मिळाली, तोच गुण या बंदुकीत तिला नडला. थोडक्यात, चकमकीवाल्याला साबुदाणा चालत नाही. त्याने निर्जळीच करायची.

पर्याय शोधायची ही खोड अमेरिकेला जुनीच. एका रविवारी मुलीने आम्हाला हॅगलीला नेलं, डेलावेअरमध्ये विल्मिंग्टनजवळ. इरेने द्यू पाँ हा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा शिष्य. फ्रान्समधून येऊन त्याने १८०२ मध्ये तिथे दारूचा कारखाना काढला. ओढ्याच्या काठी. ओढ्याचं नाव ब्रँडीवाइन. हिने ते पाटीवर वाचलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. कारखान्याच्या खोल्यांना तीन बाजूंना भरभक्कम दगडी भिंती, चौथी ओढ्याकडची मुद्दाम कच्ची आणि छप्पर हलकं, म्हणजे स्फोट झालाच तर सगळं ओढ्यावर जाईल. स्फोटात माणूस गेला की कामगार म्हणत, तो ओढ्यापलीकडे गेला. आपण वैकुंठाला जातो, ते ओढ्यापलीकडे.

पण मला तिथे भेटला तो आपला बिहार. उत्तम दारूला लागणारा सोरा त्या काळी बिहारच्या मातीतून यायचा. नोनिया लोक भिंतीच्या बुडाची, गोठ्याच्या आसपासची खारवट माती खरवडून तो काढायचे, आणि तो कलकत्त्याहून जगभर जायचा. १८५७ मध्येच त्याच घराण्यातल्या लॅमो द्यू पाँने दक्षिण अमेरिकेतला स्वस्त सोडियमचा सोरा वापरून दारू करायचं पेटंट घेतलं. पण ती दमट हवेत ओली व्हायची, म्हणून खाणीतल्या सुरुंगांपुरतीच राहिली. बंदुकीला बिहारच लागे. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा, १८६१ मध्ये, याच लॅमोला सोरा आणायला लंडनला धावावं लागलं, आणि मधेच इंग्रज सरकारने वाकडं धरून माल अडवून ठेवला. म्हणजे लिंकनच्या बंदुका काही दिवस बिहारच्या गोठ्यांवर अडून बसल्या होत्या. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते मला कारणाशिवाय "थँक यू" म्हणाले. मीही बिहारच्या वतीने ते स्वीकारलं.

मग खरी काळी दारू शोधायची मोहीम. गोएक्स नावाची जुनी दारू पूर्वी इथेच, पेनसिल्वेनियातल्या मूसिकला व्हायची, नंतर लुइझियानात गेली. २०२१ मध्ये मालकांनी कारखाना बंद करतो म्हणून जाहीर केलं आणि ठासणीवाल्यांच्या घरात सुतक आलं. शेवटी तो विकत घेतला एस्टेसने. एस्टेस म्हणजे शाळकरी पोरांची पुठ्ठ्याची रॉकेटं करणारी कंपनी. त्या रॉकेटांच्या इंजिनातही काळी दारूच असते. जुन्या काळचा शिकारी डॅनियल बून, त्याची परंपरा शेवटी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाने वाचवली, याचा मला मास्तर म्हणून फार आनंद झाला. दीड तासावरच्या एका छोट्या दुकानात आजोबांना डबा मिळाला. येताना त्यांनी गाडी अशी चालवली, की जणू मागे बाळंतीण बसली आहे.

पहिलाच बार धडाडला. डोंगराएवढा पांढरा धूर. निशाण लागलं की नाही हे धूर विरेपर्यंत कळेना, आणि तोवर आम्ही दोघंही ते विसरून गेलो होतो.

बंदूक धुतली आमच्याकडे, कारण आजोबांच्या घरी न्हाणीघरात नळी न्यायला बंदी आहे. बादलीत गरम पाणी, साबण, गजाला चिंधी. काळं पाणी, त्याहून काळं पाणी, मग करडं. वास असा, की जावई ऑफिसच्या मीटिंगमधून उठून गॅसवाल्यांना फोन करायला निघाले. ही नाकाला पदर लावून आली, दोन मिनिटं पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "आतून रिठ्याच्या पाण्याने धुवा, पितळेला चिंच लावा." आजोबांनी वहीत लिहून घेतलं. मला म्हणाले, पर्याय घेतला असता तर हा वास आला नसता. मी म्हटलं, मग काय करायचं? ते बादलीत वाकले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "आला नसता."

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी ते पहाटे जंगलात गेले आणि दुपारी हात हलवत परत आले. हरीण आलं होतं. चाळीस पावलांवर. चाप ओढला, पळीत भुर्र झालं, तेवढ्यात हरणाने मान वर करून यांच्याकडे पाहिलं, मग बार निघाला, मग धूर. धूर विरला तेव्हा समोर झाडं होती.

"मग?" मी विचारलं.

"बार फार सुंदर झाला," ते म्हणाले. फुस्काबार नव्हता, हेही त्यांनी मराठीत स्पष्ट केलं.

जानेवारीत हंगाम संपता संपता एका सकाळी हिने मला खिडकीशी बोलावलं. मुलीने कुंपणाला लावलेली हिरवी झुडपं एक हरीण शांतपणे खात होतं. पांढरी शेपटी, कान ताठ, पळायची घाई अजिबात नाही. पलीकडच्या खिडकीत आजोबा कॉफीचा मग घेऊन उभे होते. इथल्या कायद्याने वस्तीच्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत बार काढता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. हरणाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि दुसरं झुडूप सुरू केलं.

"तात्यांच्या माकडांसारखंच आहे हो हे," ही म्हणाली, आणि परवाच्या एकादशीसाठी साबुदाणा काढायला आत गेली.